लेस्टरचं विजेतेपद अमेरिकी मित्रांना कसं समजावायचं?

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. ऑफिसात जेवताना त्यांनी सहज म्हटलं की २०१६ साली लेस्टर सिटीने इंग्लंडची फुटबॉल लीग जिंकली, तेवढा मोठा चमत्कार सांघिक खेळात दुसरा झालेला नाही. टेबलावरचे अमेरिकी सहकारी म्हणाले, "लिंबूटिंबू संघ तर आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी जिंकतात. मेट्स जिंकले, रॅम्स जिंकले. यात एवढं काय?" (मेट्स हा न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ, रॅम्स अमेरिकी फुटबॉलचा.) वाचकाला उत्तर सुचलं नाही. काय सांगायला हवं होतं, असं त्यांनी विचारलंय.

माझं लहानपण कोल्हापुरात, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं. गेली बरीच वर्षं मी न्यू जर्सीत मुलांना फुटबॉल शिकवतो. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले पालक हाच प्रश्न मला विचारतात, आणि पहिली काही वर्षं मीही चुकीचं उत्तर देत होतो. मी जेमी वार्डीपासून सुरुवात करायचो. कारखान्यात अपंगांसाठी आधारपट्ट्या बनवणारा, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या गावठी संघात खेळणारा पोरगा, आणि पुढे इंग्लंडचा विजेता. ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "अगदी आमच्या कर्ट वॉर्नरसारखा." आणि खरंच, वॉर्नरची गोष्ट तोडीस तोड आहे. आयोवातल्या सुपरमार्केटात रात्री फळ्यांवर माल रचणारा माणूस, १९९८ साली सोळापैकी चारच सामने जिंकलेल्या रॅम्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, होतो आणि पुढच्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकतो. व्यक्तीच्या गोष्टीला व्यक्तीची गोष्ट भेटली की वाद तिथेच बरोबरीत सुटतो.

म्हणून आता मी खेळाडूंपासून नाही, लीगपासून सुरुवात करतो. लेस्टर कुठल्या घरात जिंकलं ते कळल्याशिवाय काय जिंकलं ते कळत नाही.

अमेरिकी लीग दुबळ्याला सांभाळून घेते. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये, ३२ संघ, आणि ते कायमचे. जो तळाला राहील त्याला पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिली निवड. ही पद्धत १९३६ पासूनची. १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादा. टीव्हीचे राष्ट्रीय करारांचे पैसे सगळ्यांना सारखे. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, तिथला संघ चार वेळा सुपर बोल जिंकतो आणि न्यूयॉर्कच्या संघांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो, ते या व्यवस्थेमुळे. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. पण तिचा अर्थ असा की खालचा वर येणं हे तिथे घडवून आणलेलं असतं. १९९९ चे रॅम्स अचंबित करणारे होते, तरी यंत्र ज्यासाठी बनवलं होतं तेच त्या यंत्राने केलं.

मेट्सचं उदाहरण जास्त वजनाचं आहे, ते झटकून टाकू नका. १९६२ साली पहिल्याच मोसमात १२० सामने हरलेला संघ, सलग सात वर्षं शेवटचा किंवा शेवटून दुसरा, आणि १९६९ साली १०० सामने जिंकून विश्वविजेता. एवढा लांब मोसम नशिबावर निघत नाही. पण टॉम सीव्हर मेट्सकडे कसा आला ते सहकाऱ्यांना विचारा. ब्रेव्ह्जने त्याच्याशी केलेला करार नियमात बसत नाही म्हणून बेसबॉलच्या आयुक्तांनी रद्द केला, मग इच्छुक असलेल्या तीन संघांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मेट्सची चिठ्ठी निघाली. पिढीतला सर्वोत्तम पिचर (बॉल फेकणारा) तळाच्या संघाला चिठ्ठीत मिळाला! इंग्लंडमध्ये अशी चिठ्ठी कुणी टाकत नाही. तिथे सीव्हरला सर्वांत जास्त पैसे देणारा क्लब घेऊन गेला असता, आणि सलग सात वर्षं तळाशी राहिलेले मेट्स केव्हाच खालच्या लीगमध्ये फेकले गेले असते.

इंग्लंडची रचना आता तीन वाक्यांत. व्यावसायिक फुटबॉलचे चार थर, एकूण ९२ क्लब, आणि वरच्या थरातून दरवर्षी शेवटचे तीन खाली जातात, खालून तीन वर येतात. ड्राफ्ट नाही, पगाराला अमेरिकेसारखी मर्यादा नाही आणि विजेता ठरवायला प्लेऑफही, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरीही, नाही. वीस संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, ३८ सामन्यांनंतर ज्याचे गुण जास्त तो विजेता.

प्लेऑफचा मुद्दा अमेरिकी माणसाच्या लक्षात आणून द्यायला थोडा वेळ द्या, कारण सगळी गफलत तिथेच होते. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. सामना १-० असा सुटतो तेव्हा एक घसरलेला पाय, एक पेनल्टी, खांबाला लागलेला एक बॉल सगळा निकाल फिरवतो. म्हणून एका सामन्यात दुबळा संघ जिंकणं फुटबॉलमध्ये बास्केटबॉलपेक्षा कितीतरी सोपं आहे. बाद फेरीच्या स्पर्धेत, चार-पाच सामन्यांत, कुणीही कुठेही पोहोचू शकतो. आपल्या जर्सी सिटीचं सेंट पीटर्स कॉलेज बास्केटबॉलच्या बाद फेरीत, २०२२ च्या मार्च मॅडनेसमध्ये, पंधराव्या मानांकनावरून केंटकी आणि पर्ड्यूला हरवत शेवटच्या आठांत गेलं, तो आनंद मी इथेच अनुभवलाय. पण सेंट पीटर्सला केंटकीला एकदाच हरवायचं होतं. ऑगस्ट ते मे, आठवड्यामागून आठवडा, केंटकीपेक्षा वर राहायचं नव्हतं. लेस्टरला ते करायचं होतं. ३८ सामन्यांत खांबाला लागलेले बॉल दोन्ही बाजूंनी फिटतात.

मग मी पालकांना ब्रिजवॉटरचे सॉमरसेट पेट्रियट्स आठवायला सांगतो. न्यूयॉर्क यँकीज या बड्या बेसबॉल संघाची खालच्या, डबल-ए दर्जाची शाखा, आमच्या भागातल्या सगळ्यांनी मुलांना घेऊन तिथे हॉट डॉग खाल्लेत. कल्पना करा, म्हणतो, की हा संघ कुणाची शाखा नाही, स्वतंत्र आहे. तो जिंकत जिंकत वरच्या लीगमध्ये गेला, मग त्याच्याही वरच्या, आणि एके दिवशी यँकीजच्या बरोबरीने मेजर लीगमध्ये उभा राहिला. ड्राफ्ट नाही. यँकीज पगारावर त्याच्या कितीतरी पट खर्च करतात आणि त्यांना अडवणारं कुणी नाही. आणि या संघाने १६२ सामन्यांनंतर देशात सर्वांत जास्त विजय मिळवून विश्वविजेतेपद घेतलं. लेस्टर २००८-०९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या थरात खेळत होतं. सातच वर्षांनी ते पहिल्या थराचं विजेतं होतं.

एकदा हे ऐकणाऱ्यांत जेट्स या न्यूयॉर्कच्या एनएफएल संघाचे एक निष्ठावान समर्थक होते. जेट्स २०१० च्या मोसमानंतर प्लेऑफमध्ये गेलेले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या पद्धतीत आमचं काय झालं असतं?" मी म्हटलं, एव्हाना दोन-तीनदा तरी खाली गेला असता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डिसेंबरात आम्ही मुद्दाम हरलं तर बरं, असं कधी वाटलंच नसतं." त्या क्षणी मला कळलं की गोष्ट पोहोचली.

आता त्या लीगमध्ये जिंकायचं कोण? १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हापासून २०१५ पर्यंत २३ विजेतेपदं झाली. त्यातली १३ मँचेस्टर युनायटेडची, ४ चेल्सीची, ३ आर्सेनलची, २ मँचेस्टर सिटीची आणि एक ब्लॅकबर्नचं. पाच क्लब, संपलं. पूर्वी कधीच न जिंकलेला क्लब विजेता झाल्याची शेवटची घटना १९७८ ची, नॉटिंगहॅम फॉरेस्टची. लेस्टरची त्याआधीची सर्वोत्तम कामगिरी १९२८-२९ मधलं दुसरं स्थान.

आणि २०१५ साली ते कुठे होते? २०१४-१५ च्या मोसमात ते नाताळला तळाशी होते. एकूण १४० दिवस ते शेवटच्या क्रमांकावर होते. मग शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून ते ४१ गुणांवर, चौदाव्या क्रमांकावर येऊन वाचले. उन्हाळ्यात प्रशिक्षक नायजेल पिअरसन यांना काढलं आणि क्लॉडिओ रानिएरी यांना आणलं. रानिएरी ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना फेरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरून पायउतार झाले होते. सट्टेवाल्यांनी लेस्टरला एकास पाच हजार असा भाव दिला.

या पाच हजारांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. अमेरिकी माणसाला हा आकडा लगेच भावतो, म्हणून सगळे तोच फेकतात. पण तो गणित करून काढलेला आकडा नव्हता. 'हे होणारच नाही' हे सांगण्याची ती सट्टेवाल्यांची रीत होती. मेट्सचा भाव एकास शंभर होता म्हणून लेस्टर पन्नासपट मोठा चमत्कार, असली तुलना करू नका. आकडा सांगा, पण त्यावर घर बांधू नका.

दुसरी एक गोष्ट मी ठामपणे टाळतो: लेस्टरला गरीब म्हणणं. क्लबचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा थायलंडच्या किंग पॉवर कंपनीचे, गडगंज श्रीमंत. २०१० पासून त्यांनी क्लबमध्ये भरपूर पैसा ओतला, आणि २०१३-१४ च्या बढतीच्या मोसमातल्या खर्चाच्या नियमांवरून झालेला वाद क्लबने पुढे २०१८ मध्ये ३१ लाख पौंड देऊन मिटवला. शिवाय प्रीमियर लीग टीव्हीचे पैसे बऱ्यापैकी समान वाटते. २०१४-१५ मध्ये पहिल्या आलेल्या चेल्सीला सुमारे ९.९ कोटी पौंड मिळाले आणि शेवटच्या क्वीन्स पार्क रेंजर्सला सुमारे ६.५ कोटी. म्हणजे इंग्लंडच्या लीगमध्ये थोडीशी अमेरिका आहेच! मधल्या फळीतल्या इंग्लिश क्लबला फ्रान्स-जर्मनीतून चांगला खेळाडू आणता येतो, तो या पैशामुळे. लेस्टर तुमच्या-आमच्यासारखं गरीब नव्हतं; अब्जाधीशांच्या गल्लीतलं ते लखपतीचं घर होतं. हे प्रामाणिकपणे सांगितलं की समोरचा पुढचं जास्त विश्वासाने ऐकतो.

पुढचं म्हणजे खेळ कसा जिंकला ते. इथे माझा जीव रमतो.

ऑकलंडच्या बेसबॉल संघाने आकडेवारी वापरून स्वस्तात माणसं शोधली, ती गोष्ट प्रत्येक अमेरिकी चाहत्याला ठाऊक असते. लेस्टरच्या शोधपथकाचं काम, स्टीव्ह वॉल्श यांच्या नेतृत्वाखालचं, त्याच जातीचं होतं. वार्डी २०१२ मध्ये फ्लीटवुड टाउनकडून दहा लाख पौंडांत आला. रियाद माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या थरातल्या ल आव्रकडून साडेचार लाखांच्या आसपास. एन्गोलो कांते २०१५ च्या उन्हाळ्यात काँ या क्लबकडून ५६ लाखांत. तिघे मिळून साधारण ७० लाख पौंड. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने केव्हिन डी ब्रुइने आणि रहीम स्टर्लिंग या दोघांसाठी ९ कोटींहून जास्त मोजले. मार्क ऑलब्रायटनला ॲस्टन व्हिलाने सोडून दिलं होतं, तो फुकट मिळाला. ख्रिस्तियान फुक्ससुद्धा शाल्केकडून फुकटच आला.

ही माणसं एकत्र कशी बसली, ते मी फळ्यावर काढून दाखवतो. चारचे दोन समांतर ओळींतले गठ्ठे, पुढे दोन. अगदी जुनी, शाळेतली रचना. दोन्ही ओळी आपल्या गोलजवळ, एकमेकींना चिकटून. समोरच्याला म्हणायचं, घे बॉल, खेळ पाहिजे तेवढा वेळ. बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांनी बॉल टाकावाच लागतो, इथे तसं घड्याळ नाही, त्यामुळे अमेरिकी माणसाला हे भित्रेपणाचं वाटतं. पण लेस्टरकडे सरासरीने निम्म्याहून बराच कमी वेळ बॉल असायचा, लीगमधल्या सर्वांत कमी ताबा असणाऱ्या संघांपैकी ते एक होते. प्रतिस्पर्धी पुढे येत राहायचा, त्याच्या बचावफळीमागे मैदान मोकळं व्हायचं, आणि मग कांते बॉल हिसकावायचा. त्या मोसमात टॅकलमध्येही आणि पास तोडण्यातही लीगमध्ये पहिला तोच. बॉल डॅनी ड्रिंकवॉटरकडे, ड्रिंकवॉटरचा एक लांब पास, आणि वार्डी पळतोय.

इथे अमेरिकी फुटबॉलची भाषा उपयोगी पडते. ड्रिंकवॉटर क्वार्टरबॅक, वार्डी पास झेलायला सरळ खोल पळणारा रिसीव्हर. फरक एवढाच की ऑफसाइडची रेघ जमिनीवर आखलेली नसते. ती प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंबरोबर हलते, आणि पास सुटतो त्या क्षणी वार्डी तिच्या अलीकडे असावा लागतो. त्याला वेग होताच, पण खरी कला या अर्ध्या पावलात होती. सलग ११ लीग सामन्यांत त्याने गोल केला आणि रूड व्हान निस्टलरॉयचा दहा सामन्यांचा विक्रम मोडला, तोही युनायटेडविरुद्ध.

एक बारीक गोष्ट फार कमी लोक सांगतात. लेस्टर एका मोसमात दोन वेगळे संघ होते. सुरुवातीला ते धडाधड गोल करायचे आणि खायचेही. पहिल्या नऊ सामन्यांत प्रत्येक वेळी त्यांनी गोल खाल्ला. आर्सेनलने घरी येऊन ५-२ ने हरवल्यावर रानिएरींनी दोन्ही बाजूंचे बचावपटू बदलले, फुक्स आणि डॅनी सिम्पसन आले. एकही गोल न खाल्ल्यास पिझ्झा खिलवेन, असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं. दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसला १-० ने हरवलं तेव्हा तो पिझ्झा मिळाला, आणि तोही स्वतः लाटून. मग हळूहळू भिंत उभी राहत गेली. पहिल्या १९ सामन्यांत २५ गोल खाल्लेल्या संघाने शेवटच्या १९ सामन्यांत अकराच खाल्ले. मार्च ते एप्रिलमधले लागोपाठ चार विजय १-० असेच आहेत: वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस, साउथॅम्प्टन. विरोधकांना कळलं होतं की आपल्या बचावफळीमागे वार्डीला जागा सोडायची नाही. लेस्टरने जिंकण्याची दुसरी रीत शोधली. मला प्रशिक्षक म्हणून त्या मोसमात सर्वांत जास्त शिकवलं ते या बदलाने.

नशीबही होतं, ते लपवू नका. लेस्टर युरोपात खेळत नव्हतं, दोन्ही कपांतून लवकर बाहेर पडलं. सगळा मोसम ४३ सामन्यांत आटोपला. रानिएरी आठवड्यात दोन दिवस सुट्टी देत. दुखापती फारशा झाल्या नाहीत. कर्णधार वेस मॉर्गन तर लीगच्या प्रत्येक सामन्यातलं प्रत्येक मिनिट खेळला. मोठे क्लब एकाच वर्षी ढेपाळले. गतविजेते चेल्सी दहावे आले. डिसेंबरात लेस्टरकडून हरल्यावर तीन दिवसांत त्यांचे प्रशिक्षक मोरिन्यो गेले. लेस्टरचे ८१ गुण अनेक वर्षी विजेतेपदाला पुरले नसते. पण त्या वर्षी दुसऱ्या आलेल्या आर्सेनलचे ७१ होते. दहा गुणांची आघाडी, ३८ पैकी फक्त तीन पराभव. मोठे घसरले म्हणून दार उघडलं, हे खरं. पण त्या दारातून टॉटनहॅम किंवा आर्सेनलने जाणं अपेक्षित होतं.

टेबलावर कुणी भारतीय फुटबॉल पाहणारा असेल तर त्याला ऐझॉल सांगा. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे भारताच्या लीगमध्ये, मिझोरामचा ऐझॉल एफसी खाली घसरला होता. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत घेतलं, आणि मुंबईहून गेलेल्या खालिद जमील यांच्या हाताखाली तो २०१७ मध्ये मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून विजेता झाला. आपला जयेश राणे त्या संघात होता. अमेरिकी मित्रांसाठी हे उदाहरण नको, एका अनोळखी गोष्टीला दुसरी अनोळखी गोष्ट लावून उपयोग नाही. पण आपल्या माणसांना ते छातीवर हात ठेवून सांगावं असं आहे.

काय दाखवायचं, तर ६ फेब्रुवारी २०१६ चा मँचेस्टर सिटीच्या मैदानावरचा सामना, ३-१. रॉबर्ट हूथचे दोन गोल, मधला माहरेझचा. नव्वद मिनिटं पाहायला कुणी तयार नसेल तर माहरेझचा तेवढा एक गोल. आणि मग २ मे ची रात्र: विजेतेपद ठरलं तेव्हा लेस्टर मैदानातही नव्हतं. चेल्सीविरुद्ध टॉटनहॅमने दोन गोलांची आघाडी घालवली, २-२, आणि वार्डीच्या घरी टीव्हीसमोर जमलेले खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले. प्लेऑफ नसलेल्या लीगमध्ये असंही होतं, हे ऐकून अमेरिकी माणूस हमखास चकित होतो.

शेवटी तो विचारेलच, "आता कुठे आहेत ते?" त्यालाही सरळ उत्तर द्या. कांते त्याच उन्हाळ्यात चेल्सीला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर पुन्हा जिंकला. रानिएरींना फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे विजेतेपदानंतर दहा महिनेही झाले नव्हते, काढण्यात आलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विचाई यांचं हेलिकॉप्टर सामन्यानंतर स्टेडियमबाहेरच कोसळलं आणि ते गेले. २०२१ मध्ये क्लबने पहिल्यांदाच एफए कप जिंकला. २०२३ मध्ये ते खाली गेले, एका वर्षात वर आले, २०२५ मध्ये पुन्हा खाली गेले. त्यांच्या मोसमाचं तिकीट काढणारे लोक मात्र तिथेच आहेत, खालच्या थरातल्या सामन्यांनाही.